केद्रोव्काच्या अकरा खिडक्या

मार्चच्या शेवटच्या शनिवारी रिम्मा अर्कादियेव्ना बाजारामागच्या पटांगणात गेली. तिथे नमुन्यादाखल सहा काचघरं उभी होती आणि सहांतलं एकही तिच्या पसंतीस उतरलं नाही. खरं तर त्यांना काचघर म्हणणंही तिच्या जिवावर आलं, कारण काच कुठेच नव्हती. लोखंडी कमानींवर पॉलिकार्बोनेटचे पत्रे वाकवून बसवलेले. रिम्मानं एका कमानीला बोट टेकवून दाबलं, तर ती हलली.

"किती बर्फ पेलतं हे?" तिनं विचारलं.

"कितीही, आजी," लोकरी टोपी एका कानावर सरकवलेला विक्रेता म्हणाला.

"मी कुणाची आजी नाही. आणि कितीही हा आकडा नाही. चौरस मीटरला किती किलो?"

"तुम्ही काय बर्फाच्या खात्यात आहात?"

"होते. एकतीस वर्षं."

तो हसला. रिम्मा हसली नाही, कारण ते खरं होतं. ताल्नायाच्या हवामान केंद्रावर तिनं एकतीस वर्षं तापमानं लिहिली होती, दर दहा दिवसांनी पाठीवर वजनकाटा घेऊन रानात बर्फ तोलला होता. उत्तर उरालच्या त्या गावात फेब्रुवारीअखेर एकेका चौरस मीटरवर अडीचशे किलो बर्फ बसतो, हे तिला बोलीत नाही, आकड्यात माहीत होतं.

"माझं गेल्या साली बसलं ना," बरोबर आलेली शेजारीण फाइना म्हणाली. "आधाराचे वासे लावायचे राहिले. सकाळी बघते तर गाय बसावी तसं बसलेलं. निवांत!"

फाइनाला त्याचंही हसू येत होतं. तिचं बरं होतं. एक मुलगी पेर्मला, एक गावातच, जावई हाताशी, आणि टोमॅटो नाही पिकले तर दुकानातून आणायचे. रिम्माला काचघर हौसेपोटी नको होतं.

तिचा नवरा वेन्यामिन शाळेत सुतारकाम शिकवायचा आणि उरलेला सगळा जीव एका टोमॅटोत घालायचा. बावीस वर्षं निवडत निवडत त्यानं तो वाण तयार केला होता. हृदयाच्या आकाराचा, देठाजवळ काळपट, दोन फळांनी परडी भरेल एवढा. सगळ्यांच्या मागून पिकायचा म्हणून त्याचं नाव ठेवलं होतं आळशी. जानेवारीत वेन्यामिन दवाखान्यात होता आणि रिम्मा त्याच्या उशाशी. तेवढ्यात घरी उंदरांनी बियांची बरणी फस्त केली आणि अंगणातलं रोपांसाठीचं प्लास्टिकचं जुनं छप्पर बर्फाखाली झोपलं. वेन्यामिन गेला. त्याच्या कोटाच्या खिशात एक काडेपेटी सापडली. तिच्यात बारा बिया होत्या आणि झाकणावर त्याच्या अक्षरात लिहिलं होतं, आळशी.

जगात आता तेवढ्याच होत्या. बारापैकी नऊ रुजल्या, दोन रोपं मान टाकून गेली, सात राहिली. स्वयंपाकघराच्या खिडकीत, कापलेल्या दुधाच्या खोक्यांत ती सात रोपं उभी होती, आणि रिम्मा रोज सकाळी आधी त्यांच्याकडे बघायची आणि मग चहा ठेवायची. मूल नव्हतं तिला. जे होतं ते एवढंच.

"हे सगळं प्लास्टिक नको," ती फाइनाला म्हणाली. "मला लाकूड आणि काच पाहिजे."

"मग केद्रोव्काला जा. तिथे खिडक्याच खिडक्या आहेत, बघणारं कुणी नाही."

केद्रोव्का ही लाकूडतोड्यांची वस्ती. दोन वर्षांपूर्वी ती बंद झाली. दुकान गेलं, शाळा गेली, मग विजेच्या तारा उतरवल्या आणि उरलेल्या माणसांना बसमध्ये घालून शहरात नेऊन सोडलं. त्या बाजूला सोडलेल्या घराच्या खिडक्या काढून आणणं याला कुणी चोरी म्हणत नाही. निम्म्या गावाच्या बागांमध्ये कुणाकुणाच्या झोपायच्या खोलीच्या खिडक्यांमागे काकड्या पिकतात.

नदीवरचा बर्फाचा रस्ता मोडायला आठवडा होता, तेव्हा फाइनाचा जावई रिनात त्याचा जुना ट्रक घेऊन आला. रिनात तातार, बोलायला कमी आणि कामाला वाघ. केद्रोव्काच्या टोकाचं घर रिम्मानंच निवडलं. लार्चच्या लाकडाच्या चौकटी, नखानं ओरखडा उठेना. सहा खिडक्या, दुहेरी चौकटी म्हणजे बारा. एक फुटलेली होती, म्हणून अकरा. एका खिडकीला हवेसाठी वरच्या कोपऱ्यात छोटी झडप होती, कातडी पट्टीची.

शेवटची चौकट काढून झाल्यावर रिम्मा घर तापवायच्या विटांच्या भट्टीकडे वळली. भट्टीच्या कट्ट्यावर नमद्याचा, दाबलेल्या जाड लोकरीचा, एक बूट उभा होता. एकच. चवडा दाराकडे केलेला. तिनं तो उलटा करून झटकला, तर आतून काळ्या पावाचा वाळून दगड झालेला तुकडा पडला.

"काकू, तो राहू द्या," रिनात म्हणाला.

"का?"

"राहू द्या म्हणजे... माझी सासू म्हणते..."

"तुझी सासू पुष्कळ काही म्हणते. दाराच्या पट्ट्यांना कामी येईल."

त्या भागात जुन्या बुटाची शेवटची गती तीच असते. नमदा कापून दाराच्या चौकटीला कडेनं ठोकला की वारा शिरत नाही. रिम्मानं बूट काखोटीला मारला. अपेक्षेपेक्षा जड होता. रिनातचा चेहरा पडलेला बघून तिला गंमत वाटली, म्हणून ती बुटाशीच बोलली, "चल रे म्हाताऱ्या. नवीन घर देते तुला."

रिनात हसला नाही. घरी येईपर्यंत त्यानं गाडीतला रेडिओही लावला नाही.

घरी येऊन रिम्मानं तो बूट भट्टीवर वेन्यामिनच्या बुटाशेजारी ठेवला. वेन्यामिनचाही एकच होता. जोडीतला उजवा त्यानंच कधीतरी मधमाश्यांच्या पेट्यांसाठी कापून टाकला होता. आता दोन बूट शेजारी उभे राहिले आणि दोन्ही डावे. रिम्मानं सवयीनं नवा बूट काट्याला लावला. दोन किलो तीनशे. ओल असेल म्हणून तीन दिवस भट्टीवर वाळवला. दोन किलो तीनशे.

एप्रिलअखेर जमीन कुदळीला दाद देऊ लागली. रिम्मानं जागा निवडली ती घराच्या मागे, स्वयंपाकघराच्या खिडकीपासून चौदा पावलांवर, आढं उत्तर-दक्षिण. खाली विटांच्या दोन थरांवर तुळया, त्यावर चौकटी, छपराला उतार इतका की बर्फ आपोआप घसरावा. रिनात ठोकायचा आणि ती पाणसळ लावून बघायची. वाफ्यात तळाशी घोड्याची लीद, वर पेंढा, वर माती. कोपऱ्यात काळा रंगवलेलं पाण्याचं पिंप, दिवसा तापायला. झडपवाली खिडकी घराच्या बाजूला आली.

शेवटी दार. तिनं बूट कापला आणि ठोकण्याआधी पट्ट्या आणि उरलेली कात्रणं तोलली. सगळं मिळून नऊशे ग्रॅम. तिनं पुन्हा तोललं. नऊशे. मधले चौदाशे ग्रॅम कुठे गेले, यासाठी तिच्या वहीत रकाना नव्हता. काटा जुना झाला, असं तिनं लिहिलं आणि पट्ट्या दाराला ठोकल्या.

दार पूर्ण झालं त्या दिवशी तिचं करडं मांजर, दीम्का, कुणी न बोलावता आत जाऊन पिंपाशेजारी बसलं. नव्या घरात आधी मांजर सोडायची तिथे पद्धत आहे. फाइना म्हणाली, "बघ, गृहप्रवेश झाला!" आणि दोघींनी तिथेच उभ्यानं चहा घेतला.

वीस मेला सात रोपं काचघरात गेली.

केंद्रातून निवृत्त होताना रिम्माला एक तापमापक भेट मिळाला होता, रात्रीतलं सर्वांत कमी तापमान टिपून ठेवणारा. आतल्या नळीत काळी बारीक सुई असते. पारा नाही, दारू असते. दारू आक्रसली की सुईला मागे ओढते आणि तिथेच सोडते. एकवीस तारखेच्या सकाळी बाहेर दोन अंशांपर्यंत उतरलं होतं. काचघरात सुई अठरावर होती.

ती खूश झाली. चांगली लीद, चांगली काच. दुसऱ्या रात्री बाहेर शून्याला टेकलं. आत अठरा. तिसऱ्या रात्री पाऊस, बाहेर सात. आत अठरा.

आता मात्र तिला बरं वाटेना. लीद तापते, पण ती अशी एका आकड्यावर गोंद लावून बसत नाही. तिनं तापमापक बदलला. मग तीन ठेवले, एक जमिनीलगत, एक छातीच्या उंचीवर, एक आढ्याखाली. कुठल्याही काचेच्या घरात वर जास्त, खाली कमी, हे शाळेतलं पोर सांगेल. तिन्ही अठरा. सकाळी सातला अठरा, संध्याकाळी सातला अठरा. अठरा हे हवेचं तापमान नव्हतं. हिवाळ्यात भट्टी पेटवलेल्या, माणसं राहत असलेल्या घराचं तापमान होतं ते.

आणि वास. पहिल्यांदा तिला वाटलं फाइनाकडे पाव भाजतायत. पण वारा उलटा होता. दार उघडलं की तो ताज्या काळ्या पावाचा वास समोरून यायचा आणि टोमॅटोच्या पाल्याच्या वासात मिसळायचा. रोपं मात्र दृष्ट लागेल अशी वाढत होती. रिम्मानं वास वहीत लिहिला नाही. वास मोजता येत नाही.

त्याच सुमाराला तिच्या लक्षात आलं की घरात गार लागतं. मेमध्ये भट्टी सकाळी एकदा पेटवली की पुरते. तिनं दोनदा पेटवायला सुरुवात केली. जेवणाच्या टेबलावरच्या तापमापकात एकवीस असायचे, ते एकोणीस झाले. जूनच्या पहिल्या आठवड्यात सतरा. धूर नीट जात होता, लाकडं कोरडी होती, दारंखिडक्या घट्ट होत्या. हात लावला तर भट्टी चटका देत होती आणि दोन पावलांवर ऊब संपत होती.

अकरा जूनला ते दंव पडलं, ज्याची तिकडे सगळे दरवर्षी वाट बघतात आणि ज्यानं दरवर्षी सगळे फसतात. जूनमध्ये तिथे अंधार पडतच नाही. पहाटे तीनलाही दुधाळ उजेड असतो. त्या उजेडात बाहेरचा तापमापक उणे पाच दाखवत होता आणि गवत पांढरं पडलं होतं. रिम्मा अंगावर कोट टाकून धावली. अठराचा आकडा आज खोटा ठरणार आणि सात रोपं काळी पडलेली दिसणार, याची तिला खात्रीच होती.

काचघराच्या घराकडच्या खिडकीवर बर्फाची वेलबुट्टी उमटली होती. तिथल्या माणसाला ती नवी नाही. पण ती काचेच्या आतल्या बाजूनं होती. आत अठरा अंश असताना.

आणि वेलबुट्टीत एक गोल भोक होतं. मुलं हिवाळ्यात नाणं मुठीत तापवून गोठलेल्या काचेवर दाबतात आणि बाहेर बघायला वितळवतात, तसलं. कडा स्वच्छ, पाच कोपेकच्या नाण्याएवढं. रिम्माच्या अंगावर सरसरून काटा आला, आणि काटा आला म्हणून तिला स्वतःचा राग आला. तिनं खिशातली फीत काढून मोजलं. जमिनीपासून एकशे बारा सेंटिमीटर. मग ती वाकली आणि त्या भोकाला डोळा लावून तिनं आत बघितलं. सात रोपं, पिंप, झोपलेलं मांजर. ती वळून उभी राहिली, भोकाकडे पाठ करून. समोर सरळ रेषेत तिच्या स्वयंपाकघराची खिडकी होती.

ती भिंग आणायला गेली आणि परत आली, तर काच कोरडी होती. पाण्याचा ओघळसुद्धा नव्हता.

"माझ्या मिरच्या सगळ्या गेल्या!" सकाळी फाइना कुंपणावरून रडवेल्या आवाजात ओरडली. "तुझं काय?"

"माझं सगळं ठीक आहे."

फाइना आली आणि तिनं आत बघितलं. दाराच्या पट्ट्यांवरून तिनं बोट फिरवलं.

"हा तोच बूट ना? रिनात सांगत होता. तू काहीतरी बोललीस म्हणे त्याच्याशी."

"थट्टा केली. चल म्हाताऱ्या, नवीन घर देते, म्हटलं."

"अगं बाई गं." फाइना तिथल्या तुळईवरच बसली. "तसंच म्हणतात की गं! घर सोडून जाताना भट्टीवर बूट ठेवायचा, पावाचा तुकडा टाकायचा आणि भट्टीमागे राहणाऱ्या घराच्या राखणदाराला म्हणायचं, चला आजोबा, नव्या घरी. मग तो आत शिरला की बूट उचलून न्यायचा, मध्ये कुठे टेकवायचा नाही. केद्रोव्कावाल्यांनी ठेवला असेल. त्यांची बस सातला यायची ती सहालाच आली होती म्हणतात. गडबडीत राहिला."

"कोण राहिला?"

"बूट," फाइना म्हणाली आणि काचांकडे बघत राहिली.

"फाइना, उष्णता जास्तीकडून कमीकडे जाते. तिला बूट लागत नाहीत."

"बरं बाई. तू शिकलेली."

त्यानंतर फाइना कुंपणापर्यंत यायची, ते ओलांडून आत नाही.

रिम्मा शिकलेली होती म्हणूनच तिला सुख नव्हतं. उष्णता जास्तीकडून कमीकडे जाते, हे ती रोज दोनदा खोटं ठरताना लिहीत होती. काचघरात अठरा. घरात सोळा, पंधरा, चौदा. जुलैत गाव उघड्या अंगानं नदीवर पोहत होतं आणि ती स्वतःच्या टेबलाशी लोकरी शाल पांघरून बसत होती. भिंतीवरच्या कागदाचे सांधे सुटले. कपाटातल्या चादरींना बंद घराचा वास यायला लागला, तोच जो केद्रोव्काच्या त्या घरात होता. भिंतीवरचं घड्याळ किल्ली देऊनही तासाभरात थांबायचं. दीम्का घराच्या उंबऱ्यापर्यंत यायचा, आत हुंगायचा, आणि अनोळखी घर बघावं तसा मागे फिरायचा.

एकदा तिनं निकाल लावायचं ठरवलं. पक्कड घेतली आणि दाराच्या सगळ्या पट्ट्या उपटून कुंपणाबाहेर ठेवल्या. दुसऱ्या सकाळी घरात एकोणीस होते. घड्याळ चालत होतं. भट्टीजवळ बसली तर गुडघे शेकले, आणि किती दिवसांनी तिला भूक लागली.

काचघरात सहा अंश होते. बाहेर अकरा असताना आत सहा. रोपांनी माना टाकल्या होत्या आणि सातव्याचा शेंडा कडेनं काळवंडला होता.

इथे सांगायला हवं की तोवर सहा रोपांची फळं आली होती आणि सहाही रोपं भेसळ निघाली होती. कुठलं वाटाण्याएवढं, कुठलं आंबट, कुठलं साधं लाल. मधमाश्यांनी गेल्या साली कुठला तरी पराग आणून टाकला असणार. खरा आळशी फक्त सातवा होता. त्याची पानं बटाट्याच्या पानासारखी रुंद होती आणि त्याला अजून एकही फळ धरलं नव्हतं.

रिम्मा पायरीवर पट्ट्या मांडीवर घेऊन बसली. तिला वेन्यामिनचा भयंकर राग आला. बावीस वर्षं एका भाजीच्या मागे, आणि जाताना सगळं माझ्या गळ्यात. मग रडू आलं. मग तिनं हातोडी घेतली आणि एकेक पट्टी परत होती तिथे ठोकली. शेवटचा खिळा बसला तेव्हा आतून पावाचा वास आला. घरातलं घड्याळ थांबलेलं तिला अंगणातूनच कळलं.

ऑगस्टमध्ये आळशीला पाच फळं धरली. दोन गळली, एक किडलं. सप्टेंबरात पहिला बर्फ पडला तेव्हा दोन होती, हिरवी, मुठीएवढी. एक ऑक्टोबरात देठाशीच कुजलं. एक उरलं.

फाइना हिवाळ्यासाठी पेर्मला मुलीकडे गेली. जाताना कुंपणापाशी उभी राहून म्हणाली, "चल माझ्याबरोबर. फळ गेलं खड्ड्यात."

"पिकलं की येते."

"आणि नाही पिकलं तर?"

"पिकतं ते. आळशी आहे एवढंच."

रिनात उत्तरेला तेलाच्या विहिरींवर पाळीला गेला होता. रिम्मानं काचघरात एक तिवई नेली, मग कांबळं, मग चहाची किटली. घरात आता शून्याखाली होतं. टेबलावर पेला होता त्यात पाणी गोठलं होतं, आणि ती ताट उचलायलाही आत गेली नाही. वेन्यामिनचा बूट तेवढा न्यावा असं तिच्या मनात आलं होतं. पण एका काचघरात तसा बूट एक पुरे, असं वाटून तिनं तो भट्टीवरच ठेवला.

तिनं वही लिहिणं थांबवलं नाही. आत अठरा.

सतरा नोव्हेंबरला बाहेर उणे एकतीस झाले. दुपारचा दीड वाजला होता, सूर्य रानाच्या टोकांना टेकलेला. फळ देठाजवळ काळपट झालं होतं आणि खालून लाली चढत होती. अजून दोन दिवस, फार तर तीन. बी पक्कं व्हायला फळ वेलीवरच पूर्ण लाल व्हावं लागतं. रिम्मानं हिशेब केला होता. अशा थंडीत दार दहा सेकंद उघडलं, तरी पाला जाईल.

घराच्या बाजूनं गाडी थांबल्याचा आवाज आला.

चारही बाजूंच्या काचा आतून बर्फानं भरल्या होत्या. तिनं खिशातून नाणं काढलं, मुठीत तापवलं, बसल्या जागी समोरच्या काचेवर दाबलं आणि डोळा लावला.

दोन माणसं होती, परक्या गावची. त्यांनी तिच्या स्वयंपाकघराची खिडकी चौकटीसकट काढून बर्फावर ठेवली होती.

"माणसं कशी घरं टाकून जातात बघ," एकजण म्हणत होता. "टेबलावर ताट तसंच."

"किती वर्षं झाली असतील?"

"कागद लोंबतोय भिंतीचा. पाचसहा तरी."

रिम्माच्या घशात हाक आली. माझं घर आहे ते. मी इथे आहे. तिवईवरून उठून दार दोन पावलं होतं. तिनं मागे बघितलं. फळ लाल होत होतं.

तिनं हाक मारली नाही. बोटांच्या पेरांनी काचेवर टकटक केलं, हळू.

दुसरा माणूस थांबला. चौदा पावलं बर्फातून चालत आला. वाकला. त्यानं भोकाला डोळा लावला.

तपकिरी डोळा, पापण्यांवर दंव. एका वितीवर. ती त्याच्या डोळ्यात बघत होती.

"काय आहे रे?" पहिल्यानं विचारलं.

"काही नाही. अंधार आहे आत."

"त्या काचा पण घेऊ या?"

"गोठून दगड झाल्यात. राहू दे."

तो सरळ झाला आणि गेला. भोक त्याच्या कमरेएवढ्या उंचीवर होतं. रिम्माला जूनमधला आकडा आठवला, एकशे बारा. मोजायची गरज नव्हती.

त्यांनी उरलेल्या खिडक्या काढल्या. एकामागून एक बाहेर आल्या. तिनं मोजल्या. त्यानंतर पहिला माणूस पुन्हा आत गेला आणि थोड्या वेळानं काखेत काहीतरी घेऊन आला.

"हे बघ. भट्टीवर होता. एकच आहे, डावा."

"एका बुटाचं काय करणार?"

"दाराला पट्ट्या होतील. बायकोला उन्हाळ्यात काचघर करून द्यायचंय." तो हसला, आणि बुटाला म्हणाला, "काय बाबा, येतोस का आमच्याकडे?"

गाडीपर्यंत वीसेक पावलं होती. अर्ध्या वाटेवर तो थांबला, आणि त्यानं वेन्यामिनचा बूट या काखेतून त्या काखेत घेतला, जड ओझं घ्यावं तसा.